थाप कडेनं फाटते

मराठीत 'आड्या' लागलेले शब्द थोडेच आहेत. वाट दाखवणारा वाटाड्या, तमाशात सोंग काढणारा सोंगाड्या, बाता मारणारा बाताड्या आणि थापा मारणारा थापाड्या. हे चौघे शेजारी बसवले की थापाड्याचा अर्थ नीट उघडतो. कुणाला एकदा रस्ता सांगितला म्हणून माणूस वाटाड्या होत नाही. त्याला आडवाटा, पाणवठे, पावसात वाहून जाणारे ओढे पाठ असावे लागतात, आणि 'त्याला बरोबर न्या' असं गावानं म्हणावं लागतं. थापाड्याचंही तसंच आहे. अडचणीत सापडून एखादी थाप कुणीही मारतो. थापाड्या व्हायला सवय लागते, हातोटी लागते आणि चार माणसांनी दिलेली ओळख लागते. 'थापाड्या' हे कामावरून पडलेलं नाव आहे.

ब्लफ करणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की बहुतेक जण 'थापाड्या' सांगतात. ते अर्धंच बरोबर आहे. मराठीत ब्लफचे तुकडे पडतात. तोंडानं केला तर थाप, अंगानं केला तर हूल, दुसऱ्याचं नाव लावून केला तर तोतयेगिरी, आणि हातात काही नसताना नुसत्या चेहऱ्यावर केला तर उसनं अवसान. अलीकडे या सगळ्यांना 'फेकू' हा एकच शब्द पुरवला जातो. त्यानं भाषेचं नुकसान होतंच, पण माणसाचा अंदाज घेण्याची आपली ताकदही कमी होते, असं मला वाटतं. म्हणून हे शब्द एकेक करून पाहू.

थाप म्हणजे आधी हाताच्या तळव्याचा सपाट आघात. ढोलकीवर थाप पडते, दारावर थाप पडते, पाठीवर शाबासकीची थाप मिळते. त्याच घरातलं क्रियापद थापणे. भाकरी थापतात, थालीपीठ थापतात, गोवऱ्या थापतात. कुंभार ओल्या मडक्याच्या आत गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापटणं चालवतो, तेव्हा जाड भिंत पातळ होते आणि मडकं फुगतं. बाळाला थोपटणं आणि गालावर थप्पड हे दोघेही याच कुळातले वाटतात. आता खोट्या गोष्टीला थाप का म्हणतात? याची व्युत्पत्ती मी ठामपणे मांडणार नाही, पण भाकरी थापताना पाहिलं की उत्तर हाताशी आल्यासारखं वाटतं.

ज्वारीच्या पिठात चिकटपणा मुळातच नसतो. गव्हाची कणीक ताणली जाते, तशी ज्वारी ताणली जात नाही. म्हणून पिठात उकळीचं पाणी घालतात. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि उसना चिकटपणा येतो. मग एका भाकरीपुरतंच पीठ घेऊन तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं, गोळा करायचा, परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं आणि बोटांच्या सपाट पेरांनी थापत गोळा गोल गोल सरकवत न्यायचा. मुठीएवढा गोळा बघता बघता ताटाएवढा होतो. पीठ तेवढंच असतं, वाढतो तो नुसता विस्तार. बिघडतं ते मात्र नेहमी कडेला. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेलेली असेल, पाणी कोमट पडलं असेल किंवा मळणं कमी झालं असेल, तर मध्यभाग ठीक दिसतो आणि कडा फाटतात. हात चांगला असलेली बाई फाटलेली कड ओल्या बोटानं सांधते. घाई झाली की तीच चीर तव्यावर आत धावते, आणि मग भाकरी फुगत नाही.

थाप अगदी अशीच मारली जाते आणि अशीच फाटते. मधला गोळा सहसा खरा असतो. माणूस खरंच मुंबईला गेलेला असतो, खरंच मंत्रालयाच्या दारापर्यंत पोचलेला असतो. तिथून पुढं थापत थापत तो साहेबांच्या केबिनपर्यंत जातो. त्याला पकडायचं असेल तर मध्यावर प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण तो भाग त्यानं चांगला मळलेला असतो. कडेला हात लावायचा. कितव्या मजल्यावर? आत जायचा पास कुणी काढून दिला? येताना कुठली गाडी मिळाली? कसलेला थापाड्या फाटलेली कड तिथल्या तिथं सांधतो. म्हणून दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. खरी आठवण दुसऱ्यांदाही साधारण तशीच येते. थाप दुसऱ्यांदा सांगताना मोठी होते, कारण पहिल्या वेळी ती पचलेली असते.

पचलेली म्हटलं, ते सहज नाही. मराठीत थाप पचते. पचली नाही तर उघडी पडते. गोष्ट वाढवून सांगितली तर तिला तिखटमीठ लावलेलं असतं, आणि काहीच खरं नसेल तर ती बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. खोट्याचा हा सगळा संसार स्वयंपाकघरात मांडलेला आहे, आणि त्यातला सर्वांत देखणा शब्द म्हणजे लोणकढी थाप.

लोणकढं म्हणजे लोणी कढवून नुकतंच केलेलं तूप. विरजण घुसळून निघालेलं लोणी दोन-तीन पाण्यांनी धुऊन मंद आचेवर ठेवतात. आधी पांढरा फेस वर येतो, मग लोण्यातलं पाणी उडताना तडतड आवाज होतो. तो आवाज बसला, तूप नितळ दिसू लागलं आणि तळाची बेरी बदामी झाली की गॅस बंद करायचा. बरेच जण शेवटी विड्याचं पान टाकतात. किलोभर घरच्या लोण्याचं पाऊण किलोच्या आसपास तूप निघतं, बाकीचं पाणी आणि बेरी. आवाज बसायच्या आधी उतरवलं तर आत पाणी राहतं आणि तुपाला वास येतो. उशीर झाला तर बेरी जळते आणि सगळं तूप करपट लागतं. नेमक्या क्षणी उतरवलेलं, ताजं, सोनेरी, घशाखाली सहज उतरणारं ते लोणकढं. थापेला हेच विशेषण लागतं तेव्हा ती अशी असते: आत्ता, इथं, तुमच्यासमोर कढवलेली, आणि तरीही गुठळी नाही, वास नाही. आधी घोकून आणलेलं खोटं लोणकढं होऊच शकत नाही. कुणाच्या थापेला लोणकढी म्हणणं ही थोडी दादच असते, आणि ती दाद जपून द्यावी.

आता खोटं बोलणं आणि थाप मारणं यांतला फरक. मराठी माणूस तो बोलताना बरोबर पाळतो, पण विचारलं तर सांगता येत नाही. डब्यातला लाडू गेला. 'मी नाही घेतला' हे खोटं बोलणं आहे. 'खिडकीतून माकड आलं, डब्याचं झाकण उघडून घेऊन गेलं आणि जाताना माझ्याकडे बघून दात विचकले' ही थाप आहे. नाकारण्याला थाप म्हणत नाहीत. थापेत काहीतरी नवं घडवावं लागतं, त्याला हातपाय लागतात. दुसरा फरक व्याकरणात आहे. 'त्यानं थाप मारली' हे एकवचन एका प्रसंगाबद्दल बोलतं. 'तो थापा मारतो' हे अनेकवचन स्वभावाबद्दल. एकवचनात रागावून मोकळं होता येतं. अनेकवचन एकदा चिकटलं की माणूस खरं बोलला तरी घरचे एकमेकांकडे बघतात.

शब्द चालवायचा कसा, तेही पाहू. ती थाप, त्या थापा. तो थापाड्या, ती थापाडी, ते थापाडे. मित्राला किंवा नातवाला 'अरे थापाड्या!' म्हणता येतं, त्यात लाडच जास्त असतो. 'एक नंबरचा थापाड्या', 'पक्का थापाड्या' ही विशेषणं नेहमीची. 'अट्टल' मात्र चोराला आणि गुन्हेगाराला शोभतं, थापाड्याला लावलं की ओळ कर्कश होते. नवऱ्याला 'तुम्ही अगदी थापाडे आहात' असं आदरार्थी अनेकवचनात म्हणणारी बायको मराठी घरात अजून आहे, आणि तिथं आदर आणि आरोप दोन्ही खरे असतात. वडीलधाऱ्यांना हा शब्द तोंडावर लावत नाहीत. त्यांच्याबद्दल 'काका जरा रंगवून सांगतात' किंवा 'त्यांनी चार म्हटलं की आपण दोन धरायचे' असं म्हणतात. हा नुसता संकोच नव्हे. अशा घरात ऐकणाऱ्यांनी भागाकाराची सोय आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही.

थापाड्या आणि थापेबाज यांत अर्थ एकच, पण चव वेगळी. 'बाज' फारसीतून आला, खेळणारा या अर्थानं: पतंगबाज, दगाबाज, बंडलबाज. 'खोर' हाही तिकडचाच, खाणारा या अर्थानं: लाचखोर, नफेखोर, बढाईखोर. थापाड्या घरातला, थापेबाज बाहेरचा. बढाईखोर थापाच मारेल असं नाही. त्याच्याकडे खरंच चार गाड्या असतात, तो फक्त त्या तुम्हाला विसरू देत नाही. बाताड्या बहुतेक वेळा पुढच्या काळात बोलतो, 'येत्या दिवाळीपर्यंत बघाच'. थापाड्या बहुतेक वेळा मागच्या काळात बोलतो, 'तेव्हा मी तिथं होतो'. त्यामुळे थापाड्याला आज पकडता येतं आणि बाताड्यासाठी दिवाळीपर्यंत थांबावं लागतं.

पुड्या सोडणं, टेपा लावणं, बंडल मारणं, गोळी देणं, फेकणं ही पोरांची भाषा, दर पिढीत बदलत जाणारी. गोव्यात कोंकणीत खोट्याला 'फट' म्हणतात आणि फसवण्याला 'फटोवप'. वावडी मात्र वेगळी ठेवावी. वावडी म्हणजे मोठा पतंग, आणि उठलेल्या अफवेलाही तोच शब्द. थापेला मालक असतो, ती कुणी मारली हे सांगता येतं. वावडीचा दोरा कुणाच्या हातात आहे ते खालून दिसत नाही. कंडी पिकते, आवई उठते, तीही अशीच, बिनमालकाची. मोबाइलवर फिरून आलेल्या बातमीला थाप म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. ती वावडी आहे, आणि पुढं पाठवणारा प्रत्येक जण तिला थोडी ढील देत असतो.

आता हूल. माझ्या मते ब्लफ या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा हाच मराठी शब्द आहे, आणि त्याचं खरं घर कबड्डीच्या मैदानात आहे. चढाईपटूला तीस सेकंद असतात. त्या वेळात त्याला एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहावं लागतं. तो दम तुटला की तो बाद. म्हणजे तोंड एका शब्दाला बांधलेलं असतं, त्यानं थाप मारताच येत नाही. जे काही खोटं बोलायचं ते अंगानं. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्या पुढं एक मीटरवर बोनस रेषा, म्हणजे जादा गुण देणारी रेषा. चढाईपटू बोनसकडे पाय टाकतोय असं दाखवतो. समोर सहा किंवा सात रक्षक असतील तरच बोनस मिळतो, म्हणून रक्षकाला ती हूल खरी मानावीच लागते. कोपरारक्षक घोट्यासाठी झेपावतो, वजन पुढच्या पायावर येतं, आणि त्याच वेळी चढाईपटूचा हात उलट्या बाजूनं त्याच्या खांद्याला लागतो. हूल फसते कधी? नजर आणि कंबर जुळली नाही तर. खांदा डावीकडे गेला आणि कंबर जागेवरच राहिली, तर अनुभवी रक्षक हलत नाही. तो खांद्याकडे बघतच नाही, कमरेकडे बघतो. दुसरी चूक म्हणजे एकाच कोपऱ्यावर तीच हूल पुन्हा पुन्हा देणं. दोनदा ती पचते, तिसऱ्यांदा पकड होते.

हुलीत खोटेपणा आहे, पण लबाडीचा कलंक नाही, कारण समोरच्यालाही ती देता येते आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. लढाईतही असंच. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लालमहालात शाहिस्तेखानावर छापा पडला. त्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे हाकललं, मोगल फौज त्या उजेडामागं धावली आणि महाराज दुसऱ्या वाटेनं सिंहगडाकडे गेले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला असं मानतात. पलिते बोलत नाहीत, त्यांनी एक शब्दही खोटा सांगितलेला नसतो. हुलीला शब्द लागत नाहीत, बघणाऱ्याची घाई लागते.

पत्त्यांत मात्र मराठी खेळाडू सरळ 'ब्लफ मारला' म्हणतो. शब्द इंग्रजी घेतला, पण क्रियापद थापेचंच लावलं. तीन पत्तीत हा ब्लफ का चालतो, ते आकड्यांत स्पष्ट दिसतं. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांतल्या १६,४४० हातांत जोडी, क्रम किंवा एकाच रंगाची पानं यांतलं काहीच नसतं, म्हणजे चारातल्या जवळजवळ तिघांच्या हातात काहीच नसतं. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, फक्त ५२. अशा डावात जिंकतो तो बहुधा उसनं अवसान शेवटपर्यंत टिकवणारा. पानं पाहून खेळणाऱ्याला ब्लाइंडच्या, म्हणजे न पाहता खेळणाऱ्याच्या, दुप्पट चाल करावी लागते, म्हणून पानं न पाहता दामटत राहणं स्वस्त पडतं. ब्लाइंडवाल्याचा चेहरा वाचायला जाऊ नये, त्याला स्वतःलाच काही माहीत नसतं. वाचावं ते पानं पाहिल्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत. पान लागलेला माणूस तेव्हा गप्प होतो आणि न लागलेला बोलू लागतो. 'उसनं' हा शब्द इथं अगदी नेमका आहे. उसनं घेतलेलं परत करावं लागतं. शो मागितला गेला, म्हणजे पानं उघडायची वेळ आली की तो हिशोब तिथंच होतो.

तोतया हा या सगळ्यांहून गंभीर. थापाड्या स्वतःच्या नावानं खोटं सांगतो, तोतया दुसऱ्याचं नावच अंगावर घालतो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूबद्दलची शंका लोकांच्या मनातून गेली नाही, आणि 'मीच भाऊ' म्हणणारा माणूस उभा राहिला. कोकणात त्यानं माणसं जमवली, किल्ले घेतले. पुण्यात त्याला देहान्त शासन झालं ते १७७६ मध्ये. पंधरा वर्षं तो प्रश्न जिवंत राहिला, त्याचं कारण त्याच्या बोलण्यातली करामत थोडी आणि लोकांची आस जास्त. भाऊ परत यावेत असं फार जणांना मनापासून वाटत होतं. तोतया नेहमी अशा रिकाम्या जागेतच शिरतो.

आणि मग भूलथापा. पोलिसांच्या पत्रकांत आणि वर्तमानपत्रांत हाच शब्द येतो: 'भूलथापांना बळी पडू नका', 'नोकरीच्या भूलथापा देऊन फसवणूक'. भूल चढली की थाप थापाड्याची राहत नाही, ती भामट्याची होते. अशा माणसाला मराठीत चारसोवीस म्हणायची सवय १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलमानं लावली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तो गुन्हा कलम ३१८ मध्ये गेला. बोलण्यातला चारसोवीस मात्र जागचा हललेला नाही, आणि आणखी काही पिढ्या तरी तो हलेल असं दिसत नाही.

आज घरोघरी फोनवरून होणारी 'डिजिटल अटक' घ्या. हे जुने शब्द तिला किती नीट उलगडतात ते पाहा. 'तुमच्या नावानं परदेशात पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' ही थाप आहे. मध्ये एक खरा गोळा ठेवलेला असतो, तुमचं नाव आणि पत्ता. व्हिडिओ कॉलवर दिसणारा गणवेश आणि मागच्या भिंतीवरचं बोधचिन्ह ही तोतयेगिरी. 'दोन तासांत अटक करायला माणसं निघतील' ही हूल, शब्दांत दिलेली असली तरी, कारण तिलाही समोरच्याची घाईच लागते. 'कुणाला सांगू नका, खोलीचं दार लावून घ्या' यानं भूल घातली जाते, म्हणजे कडेला हात लावणारं कुणी जवळ उरत नाही. निवृत्त, शिकलेली, हिशोबाला पक्की माणसं यात आयुष्याची पुंजी घालवतात. त्यांना भोळं ठरवणं अन्यायाचं आहे. त्यांनी थाप ओळखलीही असती, पण त्याच वेळी हूल आणि तोतया दोघांशीही त्यांना एकट्यानं झुंजावं लागतं.

कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कुठलंही पोलीस ठाणं व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही किंवा पैसे 'तपासणीसाठी' मागवत नाही. अशा फोनवर वाद घालू नये, कारण मधला भाग त्यांनी मळून ठेवलेला असतो. फोन ठेवायचा, दार उघडून घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी बोलवायचं, आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथं विचारायचं. त्यांनी दिलेला नंबर लावायचा नाही. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, शक्य तर त्याच तासात फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि घरी जेवताना हा विषय निघाला, तर 'कुणीतरी फेकू होता' असं सांगू नका. तो भामटा होता, असंच सांगा.